तोफखान्यांची तोफ

नव्या घराच्या दारावर पाटी लावायची, एवढाच निर्णय महेश्वर तोफखाने यांना घ्यायचा होता. पाटीवर आडनाव असावे, इथवर घरात एकमत होते. त्या आडनावाआधी ‘सरदार’ हा शब्द असावा, अशी सूचना त्यांनी सकाळच्या चहाबरोबर मांडली आणि तिथून पुढचे सगळे घडले.

महेश्वररावांची बाजू, त्यांच्या मते, निर्विवाद होती. त्यांचे पणजोबा बसप्पा हे किल्ल्यावर तोफा डागत. एका गोळ्यात त्यांनी शत्रूचा हत्ती लोळवला होता. (महेश्वररावांच्या बालपणी हा हत्ती एकच होता. त्यांच्या लग्नापर्यंत हत्ती दोन झाले आणि कॉलेजच्या ऑफिसात त्यांना हेडक्लार्कची बढती मिळाली त्या वर्षी तीन.) तोफांच्या आवाजाने बसप्पांचे कान गेले, म्हणून ते घरात कधी फारसे बोलत नसत, असा पुरवणी पुरावाही कुटुंबात प्रचलित होता.

दुर्दैवाने महेश्वररावांच्या पत्नी, श्रीदेवीबाई, तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवत होत्या.

“शत्रू कोण होता?” त्यांनी विचारले.

“शत्रू म्हणजे... शत्रूच की.”

“आणि हत्ती कुठल्या साली पडला?”

“हत्तीला कुणी साल विचारतं का गं?”

“मग सरदार लिहू नका. पुरावा आणा, मी स्वतः पितळी अक्षरांत लिहून घेते. नाही मिळाला, तर पाटीवर एकच नाव येईल. माझं.”

हे बोलणे खासगीत झाले असते तर निभावले असते. परंतु श्रीदेवीबाईंचे भाऊ सिद्धाराम त्याच वेळी अक्कलकोटहून येऊन सोफ्यावर टेकले होते. दाजींच्या हत्तींची पैदास त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिली होती.

“मान्य करा की दाजी! वास्तुशांतीला सगळे पावणे असतात. त्यांच्यासमोरच निकाल लावू. पुरावा मिळाला तर मी तुम्हाला मुजरा करतो, तीन वेळा. हत्तीमागं एक.”

महेश्वररावांनी मान्य केले. एवढेच नव्हे, तर पुरावा मिळणारच या खात्रीने त्यांनी धुळा गवंड्याकडून फाटकाशेजारी सिमेंटची तोफही बांधून घेतली. तोफ देखणी झाली. तोंड आकाशाकडे उचललेले, चाकांना काळा रंग, आतून खरोखरीची पोकळ. ती समोरच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरावर रोखलेली आहे, हे सिमेंट वाळल्यावर लक्षात आले.

शोधाची सूत्रे अर्थातच श्रीदेवीबाईंनी हाती घेतली. महेश्वरराव थेट किल्ल्याच्या इतिहासात शिरू पाहत होते. बाईंनी त्यांना पाठीमागे खेचले.

“माहीत असलेल्या माणसापासून मागं जायचं. हव्या असलेल्या सरदारापासून पुढं यायचं नाही.”

म्हणून सुरुवात महेश्वररावांच्या आजोबांपासून, गुरुबसप्पांपासून झाली. पेठेतल्या ज्या जुन्या शाळेत ते शिकले, तिथले जनरल रजिस्टर एका लोखंडी कपाटात, जुनाट कागदांच्या वासासह सुखरूप होते. १९०८ सालच्या पानावर मुलाचे नाव सापडले, आडनावासकट. महेश्वररावांनी टाळी वाजवली. श्रीदेवीबाईंनी बोट पुढच्या रकान्यावर ठेवले. पालकाचे नाव: काशम्मा. पालकाचा धंदा: भाकरी.

“वडील मोहिमेवर असतील,” महेश्वरराव म्हणाले.

“१९०८ साली? कुठल्या मोहिमेवर?”

महेश्वररावांना त्या क्षणी पणजोबांसारखेच काही ऐकू आले नाही.

त्याआधीची कागदपत्रे मोडीत होती आणि मोडी वाचणारे होते चनबसप्पा. दप्तरखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, वय एक्याऐंशी, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. जन्ममृत्यूच्या वह्यांचे गठ्ठे अजूनही कोणत्या फळीवर आहेत, हे त्यांना पाठ होते. ते वहीला हात लावण्याआधी कपाळाला लावत, मग भिंग. श्रीदेवीबाई कोणाच्याही वाचनावर सहजी विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. एकच नोंद त्यांनी म्हाताऱ्याकडून दोन दिवसांच्या अंतराने दोनदा वाचून घेतली. दोन्ही वाचनांत एका काना-मात्रेचाही फरक पडला नाही. घरी परतताना त्या म्हणाल्या, “माझ्या डिपार्टमेंटमध्ये असा एक माणूस असता तर!” इतकी स्तुती महेश्वररावांच्या वाट्याला एकतीस वर्षांत आली नव्हती.

चनबसप्पांनी आधी काढली ती प्लेगच्या सालातली वही. गाव ओस पडून लोक बाहेर माळावर झोपड्यांत राहायला गेले होते. त्या वस्तीत काय पोचले, काय नाही, याची रोजची टिपणे त्यात होती. म्हाताऱ्यांचे बोट सावकाश सरकत होते.

“हितं बगा. ‘तोफखान्याची काशम्मा.’ सदर बाजारापल्याड माळ हुता, पलटणीच्या तोफा तितं उभ्या असायच्या. तितल्या शिपायांस्नी भाकरी पुरवायची ही बाई. मंग पिलेग आला, आन् वस्तीला भाकरी देणारं कुनी ऱ्हायलं न्हाय. लिवलंय बगा: ‘बाईने रोज चारशे भाकरी आणून दिल्या. कडक करून आणते, म्हणजे चार दिवस टिकतात. सत्तावन्न दिवसांत एकही खाडा नाही.’”

श्रीदेवीबाईंनी चष्मा काढून पुसला. चारशे गुणिले सत्तावन्न हा हिशेब त्यांच्या मनात आपोआप झाला असणार.

“परत वाचा,” त्या अखेरीस म्हणाल्या. या खेपेला खात्री करून घेण्यासाठी नव्हे.

“म्हणजे आडनाव तोफखान्यावरूनच आलं!” महेश्वररावांना कंठ फुटला. “संबंध सिद्ध झाला!”

“संबंध सिद्ध झाला. तोफ नाही झाली. आडनाव काशम्मांचं आहे. बसप्पांचं काय ते बघू.”

बसप्पांची नोंद गुरुबसप्पांच्या जन्माच्या वहीत मिळाली. साल १९०२. बापाचे नाव: बसप्पा. बापाचा धंदा... इथे चनबसप्पा थबकले. त्यांनी भिंग फुंकरून पुसले, कागद उजेडाकडे धरला आणि महेश्वररावांकडे काहीशा करुणेने पाहिले.

“काय लिहिलंय?”

“जे लिवलंय ते वाचू?”

“वाचा की! गोलंदाज?”

“‘काशम्माचा नवरा.’”

“तो धंदा नव्हे!”

“कारकुनानं त्याच रकान्यात लिवलंय, सायेब. अक्षर लई सुरेख हाय.”

वास्तुशांतीच्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हते. जेवणे उरकताच सिद्धाराम उभे राहिले. “दाजी, मुजऱ्याची तयारी करून आलोय. कंबरेला पट्टा बांधलाय बघा.”

महेश्वररावांनी रात्रभर एक पळवाट रचून ठेवली होती: वह्यांना वाळवी लागली आहे, शोध चालू आहे. ते उठले, घसा खाकरला, समोर बसलेल्या पाहुण्यांकडे पाहिले. पंगतीत नुकत्याच वाढून झालेल्या कडक भाकऱ्यांची चळत अजून तिथेच होती. ती पाहून त्यांची पळवाट कुठे गेली, ते त्यांनाही समजले नाही.

“हत्ती नव्हता,” ते म्हणाले. “एकही नव्हता.” आणि मग त्यांनी सगळे सांगितले. माळ, प्लेग, चारशे भाकरी, सत्तावन्न दिवस. बसप्पांच्या धंद्याचा रकानाही त्यांनी गाळला नाही. तीन हत्ती मारताना जेवढी छाती फुगली नव्हती तेवढी आता फुगली होती.

सिद्धाराम हसायला उठले होते, ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी खरोखरच वाकून मुजरा केला. दाजींना नव्हे, भाकऱ्यांच्या चळतीला. एकदाच, पण व्यवस्थित.

कोपऱ्यात खुर्चीवर महेश्वररावांची आत्या, शांतव्वा, पानाला चुना लावत होती. वय शहाऐंशी.

“यात नवं काय हाय रं म्हेशा? माज्या आज्जीची काटवट अजून माज्याकडं हाय की. तिच्यातच पीठ मळायची ती.”

“आत्या! तुला ठाऊक होतं? मग ती तोफ? तो हत्ती?”

“त्यो तुज्या आज्ज्यानं माज्या आईला बगाया गेल्यावर सांगिटला. तिचा बाप लई मोठा शेतकरी, पोरगी देईना. तवा बसप्पाच्या हातात तोफ दिली.”

“मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?”

“इचारलं का कुनी? समदी वह्या धुंडाळाया गेली.”

श्रीदेवीबाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच संकोच दिसला. शोधाच्या आराखड्यात त्यांनी सर्व उपलब्ध साधने लिहून काढली होती. त्यात आत्या नव्हती.

पाटी ठरल्याप्रमाणे लागली: ‘श्रीदेवी तोफखाने’. शब्द पाळलाच पाहिजे, असा महेश्वररावांचाच आग्रह होता. मात्र खाली बाईंनी आपणहून एक ओळ वाढवली: ‘काशम्मांचे घर’. धुळा तोफ फोडून न्यायला तयार होता. परंतु तोफखान्याची खूण म्हणून ती राहू द्यावी, असे महेश्वररावांना वाटले.

पावसाळ्यात एका सकाळी आरोग्य खात्याची कार्यकर्ती डासांच्या अळ्या तपासायला आली. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तिला पिंपांचा तोटा नसतो. पण या घरची पिंपे, श्रीदेवीबाईंच्या शिस्तीमुळे, झाकलेली आणि कोरडी घासलेली निघाली. जाता जाता तिने बॅटरी मारून तोफेच्या तोंडात पाहिले.

“अगंबाई! किती अळ्या ह्या!”

तिने वही उघडली. पाटीकडे बघून घरमालकाचे नाव उतरवले, मग महेश्वररावांकडे पाहिले.

“तुम्ही कोण?”

हेडक्लार्क, असे ते सांगणार होते. पण तिने थांबण्याची तसदी घेतली नव्हती. महेश्वररावांनी मान वाकवून वहीत पाहिले. अळ्या आढळलेले ठिकाण: तोफ. भेटलेली व्यक्ती: मॅडमचे मिस्टर.

त्यांनी हरकत घेतली नाही. “एवढंच करा, ताई,” ते नम्रपणे म्हणाले, “अक्षर जरा चांगलं काढा. शंभर वर्षांनी कुणाला तरी हे वाचायचंय.”