जावईबापूंचा डबा

तात्या रोज सकाळी बोटीत पाय ठेवला की आधी हॉर्न दाबत. आवाज भरदार आला की बॅटरी ठीक. सर्दी झालेल्या म्हशीसारखा आला की बॅटरी चार्जिंगला लावायची. बावीस वर्षं ते नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेत होते, आणि बॅटरीनं त्यांना एकदाही दगा दिला नव्हता.

हे लेकीला घेऊन आठ दिवसांच्या रजेवर आलेल्या जावईबापूंनी पाहिलं, आणि तिथंच घात झाला.

"तात्या, बॅटरी ऐकायची नसते, मोजायची असते," जावईबापू म्हणाले. ते लिफ्टच्या कारखान्यात नोकरीला होते. "मी तुम्हाला यंत्र करून देतो. मंगळवारी तपासणीचे साहेब येणार ना? बघत राहतील."

मंगळवार तात्या विसरले नव्हते. साहेबांसमोर इंजिन एका दमात सुरू झालं तर वर्षाचा परवाना मिळणार होता. नाही झालं तर बोट महिनाभर धक्क्याला बांधून ठेवायची. अशा वेळी बोटीतली एक तारही हलवू नये, हे त्यांना कळत होतं. पण जावयाला नाही कसं म्हणायचं?

"कशाला उगीच तुम्हाला त्रास," ते म्हणाले.

जावईबापूंनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

दुपारपर्यंत जेवणाचं टेबल तारांनी भरलं. तात्यांच्या बायकोनं बिस्किटांचा प्लास्टिकचा डबा रिकामा करून दिला. जावईबापूंनी काडेपेटीएवढी हिरवी पट्टी तात्यांच्या तळहातावर ठेवली.

"हा मायक्रोकंट्रोलर. दर सेकंदाला बॅटरीचा व्होल्टेज बघणार."

"बघून काय करणार?"

"स्क्रीनवर दाखवणार."

"आणि मी?"

"तुम्ही स्क्रीन बघायची."

"म्हणजे तो बॅटरीकडे बघणार आणि मी त्याच्याकडे."

"बरोबर," जावईबापू खूश होऊन म्हणाले.

पहिली पट्टी उलटी तार लागून जळाली. घरभर वास सुटला. "एक तरी जळतेच," जावईबापू इतक्या समाधानानं म्हणाले, की जणू ती ठरवूनच जाळली होती. दुसरी चालली.

डबा बोटीत बसला आणि पहिल्याच फेरीत भर नदीत कोकलायला लागला. बॅटरी थोडी उतरली की शिट्टी वाजावी, असं त्याला शिकवलं होतं, आणि त्याचं 'थोडी' फारच थोडं होतं. एक म्हातारी जागची उठली आणि शेजारच्याच्या खांद्याला धरून म्हणाली, "बुडतोय का रे आपण?" तिचं ऐकून बाकीचेही उठले आणि बोट एका अंगाला कलली. तात्यांनी ओरडून ओरडून सगळ्यांना खाली बसवलं. काठाला लागेपर्यंत त्यांचा घसा बसला होता.

"मग शिट्टी नको," जावईबापू म्हणाले. "फोनवर संदेश पाठवू."

त्यांनी डब्यात आणखी एक पट्टी घातली. आता दर पाच मिनिटांनी तात्यांना, बायकोला आणि लेकीला संदेश येऊ लागला : 'बॅटरी ठीक आहे.'

"तुम्ही लग्नाच्या बत्तीस वर्षांत कधी 'पोचलो' म्हणून कळवलं नाहीत," बायको म्हणाली. "बघा, डब्याला कळतं."

दोन पट्ट्यांनी डबा तापायला लागला, म्हणून त्यात छोटा पंखा आला. आकडे उन्हात दिसेनात, म्हणून मोठी झगझगीत स्क्रीन आली. शेवटी जावईबापूंच्या लक्षात आलं, की तात्यांनी हॉर्न दाबला की आकडा घसरतो. त्यांनी हॉर्नची तारच सोडवून टाकली.

आता मात्र तात्यांच्या तोंडाशी शब्द आले. पण समोर जावई. तेव्हा लेकी बोले सुने लागे, या न्यायानं ते बोटीकडे वळले. "घे, घालून घे सगळे दागिने. मुकी झालीस तरी चालेल. नटलीस ना, बास."

"स्क्रीन छानच दिसते," जावईबापू म्हणाले.

रविवार-सोमवार बोट रंगवायला बांधून ठेवली. इंजिन बंद, पण डबा दिवसरात्र जागा. पंखा फिरत होता, स्क्रीन झगमगत होती, 'बॅटरी ठीक आहे' येत होतं. मंगळवारी सकाळी चहा पिताना लेक म्हणाली, "बाबा, आज संदेश नाही आला."

तात्या कप तसाच ठेवून धक्क्यावर धावले. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिननं नुसतं 'टक' केलं. डब्याची स्क्रीन काळी होती.

मागून आलेल्या जावईबापूंनी डबा उघडून पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि हळूच म्हणाले, "यानंच खाल्ली."

"कोणी?"

"डब्यानं. बॅटरी."

तात्यांनी आवंढा गिळला. त्या आवंढ्यात चार-पाच चांगल्या शिव्या होत्या. "साहेब दहाला येणार. साडेनऊ झालेत."

जावईबापू रस्त्यावरच्या स्वतःच्या मोटारीकडे गेले आणि तिची बॅटरी पोटाशी धरून घेऊन आले. दोघांनी मिळून ती बसवली. इंजिन एका दमात सुरू झालं, तेवढ्यात साहेबही धक्का उतरले.

साहेबांनी इंजिन पाहिलं, दोर पाहिले, तरंगायची जॅकेटं मोजली. डब्यात पुन्हा उजेड आला होता. जावईबापू पुढे झाले. "साहेब, हे यंत्र दर सेकंदाला..."

"तो डबा हलवा, पाय ठेवायला जागा नाही," साहेब म्हणाले. "हॉर्न वाजवा."

तात्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई गुडघ्यावर बसले आणि सोडवलेली तार स्वतःच्या हातानं पुन्हा जोडू लागले. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता.

तात्यांनी हॉर्न दाबला. दोन्ही काठ दणाणले.

साहेब मान कलती करून ऐकत राहिले. "आवाज भरदार आहे. बॅटरी उत्तम." त्यांनी तसं कागदावर लिहिलं आणि शिक्का मारला. "मी नेहमी हॉर्नवरूनच ओळखतो."

तात्यांनी शिक्क्याचा कागद घडी करून खिशात ठेवला.

संध्याकाळी जावयाची रजा संपली. बोटीची बॅटरी चार्जिंगला लावून मोटारीची मोटारीत परत बसवली होती. बिस्किटांचा डबा धुऊन, पुसून बायकोच्या हातात परत गेला होता. लेक मोटारीत बसली. जावईबापूंनी किल्लीला हात घातला, आणि थांबले. त्यांनी खिडकीतून इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तात्या दोरांची गुंडाळी करण्यात गर्क दिसत होते.

जावईबापूंनी हळूच हॉर्न दाबला आणि कान देऊन ऐकलं.

"ठीक आहे," तात्या दोरावरची नजर न काढता म्हणाले. "निघा बिनघोर."