नार्व्याची दोन लढाऊ विमानं

सुमंगलेने थर्माकोलचे तुकडे टेबलावर मांडले. तिच्या नवऱ्याने, गुरुदासने, त्यातला एक उचलून उजेडात फिरवून पाहिला.

"कितले पडले?"

"चाळीस. म्हारग जालां सगळें. पंखाक जाय तसलो जाड थर्माकोल खंयच मेळना."

"माल बरो आसा पूण. पळय, कोपरे गोल करूनच दिल्यात!"

ही सत्त्याऐंशीची गोष्ट. गोवा राज्य होऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. गुरुदास पणजीत हिशेबखात्यात होता. लढाऊ विमानं हा त्याचा आवडता विषय. एका विमानाच्या पैशात डिचोली तालुक्यातल्या सगळ्या शाळांवर नवी कौलं चढतील, हे तो नार्व्याहून सुटणाऱ्या बसमध्ये रोज सांगायचा. सकाळी सांगितलेलं विसरलं जाऊ नये म्हणून संध्याकाळच्या बसमध्ये पुन्हा सांगायचा. आणि आता हाच गृहस्थ गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या माटोळीत, नारळ, तोरिंजन आणि कांगलांच्या घोसांमध्ये टांगायला दोन फुटी लढाऊ विमान करत होता.

याला कारण समोरच्या घरातला गोकुळदास. दोघे लहानपणापासूनचे मित्र. गुरुदास आरती म्हणायचा आणि गोकुळदास मातीचं घुमट मांडीवर घेऊन साथीला वाजवायचा. त्या काळी आरती एका घरात मावत नसे. माणसं इकडे घाम गाळून तिकडे जायची आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत सगळ्यांचे आवाज बसलेले असायचे. पण भाषेच्या चळवळीत गोकुळदास कोकणीच्या सभेला गेला आणि गुरुदास मराठीच्या. परतताना दोघांची बसस्टॉपवर गाठ पडली आणि कडाक्याचं भांडण झालं. शिव्या मात्र दोघांनी एकाच भाषेत घातल्या.

तेव्हापासून बोलणं बंद. गेल्या चवथीला गुरुदासच्या घरची आरती घुमटाशिवाय झाली आणि दर कडव्याला चाल पुढे पळत राहिली. समोर घुमट घुमत होतं, पण गाणाऱ्याचा पत्ता नव्हता. गुरुदासच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. याही वर्षी असंच झालं तर पुढे कायमचंच तसं होईल, ही भीती त्याला होती. पण आधी बोलायचं कुणी?

अशात सुमंगलेने बातमी आणली होती, "शांतागेल्या घोवान माटोळेक विमान करपाक घेतलां." शांता म्हणजे गोकुळदासची बायको.

"करूं दी," गुरुदास म्हणाला. मग जेवताना त्याने विचारलं, "कितलें व्हड?"

"फूटभर."

"आमचें दोन फूट जातलें."

गुरुदासने पन्नास रुपये मंजूर केले. आठवड्याने सुमंगलेकडून कळलं की समोरच्या विमानाला दोन क्षेपणास्त्रं लागली. इकडे चार लागली. समोर शेपटीत लाल दिवा पेटला, तर इकडे दोन दिवे आणि ट्रान्सफॉर्मर आला. थर्माकोल आणायला सुमंगला डिचोलीला जायची आणि दर खेपेला भाव वाढलेला असायचा. गुरुदास पुरवणी मागणी मंजूर करायचा. त्याची नवी पँट रद्द झाली, मग न्हाणीघराची कौलं पुढच्या वर्षावर गेली. बसमधल्या व्याख्यानाबद्दल कुणी विचारलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "संरक्षणाच्या बाबतीत भायल्यानी तोंड घालूं नये."

शेवटी रंगाचा प्रश्न आला. पाण्याचा रंग फिका दिसत होता, आणि गुरुदासला अस्सल चंदेरी चकाकी हवी होती. कारापूरला खाणीचे ट्रक रंगवणाऱ्या गॅरेजात केरबा नावाचा कोल्हापूरकडचा पेंटर होता. त्याचा फवारा तालुक्यात नावाजलेला. चवथीच्या दोन दिवस आधी गुरुदास विमान चादरीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन तिथे पोचवून आला.

दुसऱ्या दिवशी आणायला गेला, तर दारात गोकुळदासची स्कूटर उभी होती आणि आत गोकुळदास. फळीवर विमानांच्या जागी थिनरने विरघळलेले दोन चंदेरी लगदे होते. त्यांतून क्षेपणास्त्रांच्या तारा वर आल्या होत्या.

"सायेब, ट्रकला कंदी असं झालं न्हाई," केरबा हात जोडून म्हणाला. "एक हात मारला, आन् इमान बसलं की खाली!"

"आनी दुसरें?" गुरुदासने विचारलं.

"पैलं का बसलं ते बघाया दुसऱ्यावर मारला."

गोकुळदासने एक लगदा तारेला धरून उचलला. मग गोकुळदासचे खांदे हलायला लागले.

"ह्यांतलें तुजें खंयचें रे?" त्याने हसू दाबत विचारलं. दोन वर्षांतले हे त्याचे पहिले शब्द.

"म्हाकाय कळना," गुरुदास म्हणाला आणि दोघेही पोट धरून हसत सुटले. केरबालाही धीर आला.

"तसा थर्माकोल लागतोय किती? मालकाच्या टीव्हीच्या खोक्यात असलाच निघाला, गोल कोपऱ्याचा. डिचोलीच्या टीव्हीवाल्याच्या मागं ढीग पडलाय. फुकट न्या म्हनतोय."

हसणं थांबलं.

"तो टीव्हीवालो शांतागेलो मावसभाव," गोकुळदास सावकाश म्हणाला. "तुका कितले पडले?"

"थर्माकोलाक? चारशें धा. तुका?"

"चारशें धा."

स्कूटर नार्व्याकडे निघाली. गुरुदास गोकुळदासच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसला होता. शाळेत असताना एकाच सायकलवर ते असेच जायचे. "घुमट घेवन ये फाल्यां चवथीक," तो कसाबसा म्हणाला. गोकुळदासने वळून न बघता मान हलवली, आणि रस्ताभर दोघे बायकांना काय काय सुनवायचं ते ठरवत आले.

शांता सुमंगलेच्याच स्वयंपाकघरात होती. ओट्यावर कोरा करकरीत मिक्सर फिरत होता आणि खोबरं वाटलं जात होतं. नवऱ्यांना एकत्र बघून दोघी दचकल्या, पण मिक्सर बंद केला नाही.

"थर्माकोलाचे पैशे खंय भायर वचूंक नात, हो मिक्सर घेतलो," सुमंगला म्हणाली. "आठवडोभर आमगेर, आठवडोभर शांतागेर."

ठरवलेलं सगळं गुरुदास विसरला. "तें रावूं दी," तो म्हणाला. "आमचो समेट जालो. फाल्यां आरती दोनूय घरांनी एकठांय."

सुमंगलेने मिक्सर बंद केला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शांता मटकन स्टुलावर बसली.

"म्हणजे फुडल्या वर्सा विमानां ना?"

"ना म्हणजे ना!"

"मगीर दुसरो मिक्सर कसो येतलो?" सुमंगला कळवळून म्हणाली. "आनीक एक वर्स तरी झगडपाचें आशिल्लें!"