गुडघेवाली डॉक्टर

आमच्या शेजारची प्रणाली कुठल्याही नव्या जागी गेली की आधी धप्पकन गुडघ्यांवर पडते. अडखळून नाही, चक्कर येऊन नाही. चांगली उभी असते, हात सैल सोडते आणि पडते. मग डोळे मिटून क्षणभर थांबते आणि निकाल देते, "पास!" किंवा "फेल!" बहुतेक वेळा फेलच.

पहिल्यांदा आमच्याकडे आली ती विरजण मागायला. मी वाटी आणायला वळले आणि मागे धप्प! आमचे हे पेपर टाकून मालवणीत ओरडले, "अगो, ह्या चेडवाक झाला काय?" मला वाटलं, पोरगी वळणाची दिसतेय, वाकून नमस्कार करतेय. मी आपला घाईघाईने "असू दे, असू दे, सुखी राहा" असा आशीर्वादही देऊन टाकला. ती तिथूनच वर बघून म्हणाली, "थांबा जी काकू. तुमची फरशी फेल आहे." तीस वर्षं जी फरशी मी पुसतेय तिला कोणीतरी पहिल्यांदाच नापास केलं होतं. माझं डोकंच फिरलं.

प्रणाली अकोल्याकडची. जनावरांची डॉक्टर, पण दवाखाना नाही. मुलुंडमध्ये आमच्यासमोरच्या एका खोलीच्या भाड्याच्या घरात एकटी राहते आणि संशोधन करते. कसलं, असं विचारलं तर म्हणते, "म्हशींनी नीट बसावं, याचं." मी आधी हसले. म्हटलं, बसायला काय शिकवायचंय म्हशीला? ती मात्र एकदम गंभीर. "काकू, म्हैस बसताना आधी पुढचे गुडघे टेकते. एवढं मोठं धूड, सगळा भार त्या दोन गुडघ्यांवर. खाली सिमेंट असलं की ती बसायलाच घाबरते. नुसती उभी राहते बिचारी. मग पाय सुजतात, रवंथ कमी होतो, दूध कमी होतं. माझे गुडघे जिथं दुखतात तिथं तिचं काय होत असेल?"

ही गुडघ्यांची चाचणी तिच्या क्षेत्रातले लोक गोठ्यात करतात म्हणे. गोठ्यात करतात ना, करोत बापडे. ही सगळीकडे करते. दातांच्या डॉक्टरकडे केली, गणपतीच्या मंडपात केली. बुद्धविहारात केली तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलं नाही, पण एटीएममध्ये केली तेव्हा वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावला. बिल्डिंगमधल्या पोरांनी तिचं नावच पाडलं, गुडघेवाली डॉक्टर.

एकदा मी तिला गादीच्या दुकानात घेऊन गेले. माझी कंबर धरली होती, म्हटलं हिचा तरी उपयोग होईल. विक्रेता गोड हसून म्हणाला, "मॅडम, झोपून बघा ना." ही म्हणाली, "झोपल्यावर सगळंच बरं वाटतं, भाऊ. टेकताना कळते." आणि धप्प! एका गादीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. विक्रेत्याची पार वाट लागली. सगळ्यात महागडी गादी फेल झाली आणि कोपऱ्यातली साधी काथ्याची पास. खोटं कशाला बोलू, त्या गादीने माझी कंबर सरळ केली. तेव्हापासून मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले की आमची डॉक्टर म्हणजे काय चीज आहे.

तिचं खरं काम गोरेगावच्या बाजूला, दुबेजींच्या तबेल्यात. तिथल्या अर्ध्या म्हशींखाली तिने जाड रबरी मॅट टाकल्या होत्या आणि अर्ध्या तशाच सिमेंटवर ठेवल्या होत्या, तुलनेसाठी. या बिनमॅटवाल्यांना ती 'कंट्रोल' म्हणते. दुबेजींनी परवानगी दिली, पण अट घालून. "मॅडम, फ़ायदा दिखा तो सब को गद्दा. नहीं दिखा तो ये भी उठा ले जाओ. हम ख़ुद खटिया पे सोते हैं, भैंस को काहे का गद्दा?" एवढ्या एका वाक्यावर पोरीचं सगळं काम टांगलेलं. पहाटे उठून जायची, दिवसभर म्हशी कधी बसतात, कधी उठतात ते बघायची आणि लिंक रोडच्या बसने परत यायची. रविवारी तरी झोप गं, म्हटलं तर उत्तर तयार, "म्हशीला रविवार नसतो, काकू."

परत येताना शेणाचा वासही सोबत यायचा, हे कबूल. आमचे सेक्रेटरी वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी लिफ्टमध्ये कागदच चिकटवला, 'कृपया दुर्गंधी पसरवू नये.' मी काय गप्प बसते! तिथेच गाठलं त्यांना. "सकाळी चहात दूध लागतं ना तुम्हाला? ते काय नळाला येतं?" ते खोकून निघून गेले. प्रणाली मात्र दुसऱ्या दिवसापासून जिन्याने यायला लागली.

एक गोष्ट मला खटकायची. ती आमच्याकडे हक्काने यायची, ह्यांच्याशी गप्पा मारायची. हे मालवणीत, ती वऱ्हाडीत, कोणाला किती कळायचं देव जाणे, पण दोघं पोट धरून हसायचे. स्वतःच्या घरात मात्र कोणाला घ्यायची नाही. दार जेमतेम उघडून, फटीत उभी राहून बोलायची. मजल्यावर कुजबुज सुरू झाली. मी सगळ्यांना झापलं, पण मनात म्हटलं, असेल काहीतरी भानगड.

मग एका दुपारी ती तापाने फणफणली. मी पेज घेऊन गेले आणि ती आतून नको-नको म्हणत असताना दार ढकलून सरळ आत शिरले. भानगड कसली नि काय! भिंतीला एक कोरी करकरीत गादी उभी, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. वडिलांनी घेऊन दिली होती, हे मागे तीच बोलली होती. आणि ही बया तापाने कण्हत झोपलेली उघड्या फरशीवर. खाली फक्त एक चादर, घडी घातलेली.

मला काय सुचलं कोण जाणे. पेज बाजूला ठेवली, हात सैल सोडले आणि गुडघ्यांवर पडले. धप्प! आई गंऽऽ! डोक्यापर्यंत कळ गेली. "फेल!" मी ओरडले. "प्रणाली, तुझी फरशी फेल आहे! गादी असून खाली का झोपतेस गं? डोकं ठिकाणावर आहे का?"

ती आधी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. "काकू, कोणाला मॅट द्यायची आणि कोणाला नाही, ते मी ठरवलं. माझ्या हातांनी चिठ्ठ्या टाकल्या. त्यांच्या गुडघ्यांवर जखमा आहेत, मॅटवाल्यांच्या भरतायत हे दिसतं, पण काम संपेपर्यंत त्यांना देता येत नाही. दिली तर सगळं वाया. सकाळी मी त्यांच्यासमोरून जाते ना, त्या माझ्याकडे बघतात. मग मला गादीवर झोप येत नाही जी."

"तू फरशीवर झोपलीस म्हणून त्यांच्या जखमा भरणार आहेत?"

"नाही," ती नाक पुसत म्हणाली. "शास्त्रात याला काही अर्थ नाही. माझ्या गाइडला सांगू नका."

मी तिला पेज भरवली. म्हटलं, एवढ्या मोठ्या मुंबईत कोणाच्या लक्षातही न येता ही पोरगी म्हशींच्या बरोबरीने सिमेंटवर झोपतेय. गादी उघड म्हणून मी हट्ट धरला नाही. तिचं तिला ठरवू दे म्हटलं.

निकालाच्या दिवशी मी तिच्यासोबत तबेल्यात गेले. एकटीला कशी पाठवणार? दुबेजींनी सगळं ऐकून घेतलं. मॅटवाल्या जास्त वेळ बसल्या, त्यांच्या जखमा भरल्या, हे त्यांनाही दिसत होतं. पण मान हलेना. "दूध तो थोड़ा ही बढ़ा, मॅडम." प्रणालीचा चेहरा एवढासा झाला. हातातले तक्ते तिने खाली केले. मग हळूच म्हणाली, "दुबेजी, एक बार घुटनों पे गिर के देखिए."

"हम?"

"हां, आप."

दुबेजींनी आजूबाजूला पाहिलं, लुंगी सावरली आणि पडले सिमेंटवर. "अरे मोरी मैया!" सगळा तबेला वळून बघायला लागला. प्रणालीने त्यांना हात देऊन उठवलं आणि मॅटवर नेलं. तिथेही पडले. पडले ते उठेनातच. गुडघे चोळत, शेजारच्या म्हशीकडे बघत बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "मँगवा लो, मॅडम. सब के लिए."

पुढच्या आठवड्यात मॅट आल्या. मी आणि हे, दोघंही गेलो होतो बघायला. कंट्रोलमधल्या एका थोराड म्हशीने मॅट हुंगली, एक पाऊल मागे घेतलं, परत हुंगली. मग पुढचे गुडघे टेकले, सावकाश बसली आणि असा काही मोठा सुस्कारा टाकला की आमचे हेसुद्धा "गो बाय माझे" म्हणाले. प्रणाली आमच्याकडे पाठ करून उभी होती. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी तिला चहाला बोलवायला गेले, तर दार सताड उघडं. प्लास्टिकचं वेष्टन फाडून कोपऱ्यात टाकलेलं आणि गादीवर आमची डॉक्टर गाढ झोपलेली, तबेल्यातल्या कपड्यांतच, पायांत गमबूट तसेच. शेणाचा वास पार जिन्यापर्यंत आला होता.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. सेक्रेटरी फोनवर तावातावाने बोलत चुकून आमच्याच मजल्यावर बाहेर आले. वास आला तसं नाक मुरडलं आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं.

मी दारात आडवी उभी राहिले आणि ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! एक अक्षर बोलायचं नाही. आमची डॉक्टर झोपलीय."