घटसर्पाचा चुलतभाऊ

एखादा रोग आहे हे सिद्ध करण्यापेक्षा तो आपल्या हद्दीत नाही हे सिद्ध करणं केव्हाही अधिक जबाबदारीचं काम असतं. पनवेलच्या आमच्या घटसर्प नोंद कक्षानं ही जबाबदारी १९९३ पर्यंत सलग सहा वर्षं निष्कलंकपणे पार पाडली. मी तिथे वरिष्ठ लिपिक होतो. सहा वर्षांत दोनशे अकरा घसे संशयित म्हणून आले आणि सर्वच्या सर्व निर्दोष सुटले. (त्यांपैकी चार घसे नंतर वारले, पण हद्दीबाहेर, पेणच्या दिशेनं जाताना.) कक्षप्रमुख डॉ. कृष्णकांत देवस्थळी यांच्या खुर्चीमागे 'घटसर्पमुक्त' असं प्रशस्तिपत्र काचेत लावलेलं होतं.

अशा सुस्थितीत कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरवाडीवरून जिजा आपल्या सहा वर्षांच्या स्नेहाला कडेवर घेऊन आली.

"बाई, पोरीला घोट जात नाय," तिनं प्रयोगशाळेतल्या अरुंधतीबाईंना सांगितलं. "तीन दिस झालं. मान बी सुजलीय."

अरुंधतीबाईंनी अर्ज भरून घेण्याआधीच घसा पाहिला. (त्यांची ही सवय गोपनीय अहवालात नमूद आहे.) टॉन्सिलवर करडा पडदा धरला होता. त्यांनी घशातला नमुना काचपट्टीवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. घटसर्पाचे जंतू चिनी अक्षरांसारखे मांडलेले दिसतात, असं पाठ्यपुस्तकातच लिहिलेलं आहे. बाईंनी तसं प्रामाणिकपणे कागदावर उतरवलं. साहेबांनी त्यावर शेरा मारला: 'कार्यालयीन कामकाज मराठीतून करणे बंधनकारक असल्याने चिनी अक्षरांतील पुरावा ग्राह्य धरता येत नाही. नमुना मुंबईस पाठवावा.'

मुंबईहून उत्तर यायला तीन आठवडे लागत. स्नेहाकडे फार तर दोन दिवस आहेत, असं शेजारच्या वॉर्डातल्या डॉक्टर आभा यांचं मत पडलं. पडदा खाली सरकत होता आणि मुलगी श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करत होती. तिला प्रतिविषाचं इंजेक्शन हवं होतं. ते आमच्याच फ्रिजमध्ये होतं. चार कुप्या. दर तपासणीत त्या चारच भरत, म्हणून कक्षाचा साठा जिल्ह्यात आदर्श मानला जाई.

अरुंधतीबाई साहेबांकडे गेल्या. मी फाईल घेऊन तिथेच उभा होतो.

"साहेब, कुप्या द्या. मुलगी जाईल."

"प्रतिविष घटसर्पासाठी आहे," साहेब समजावून म्हणाले. "आणि आपल्याकडे घटसर्प नाही. मग ते द्यायचं कशासाठी, तुम्हीच सांगा."

या युक्तिवादात मला आजही दोष सापडलेला नाही. बाई पाच मिनिटं बाहेर बाकावर बसल्या. शेजारी जिजा होती. ती मुलीच्या छातीवर हात ठेवून तो वर-खाली होतो का एवढंच बघत होती. मग बाईंनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं: 'सदर चार कुप्या बराच काळ वापराविना असल्याने त्यांची परिणामकारकता तपासणे आवश्यक आहे. तपासणीसाठी कुप्या मिळाव्यात.'

तपासणी हा शब्द दिसला की साहेब सही करत. सही केल्यावर त्यांनी विचारलं, "तपासणी कुठे करणार?"

"एका घशावर," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

कुप्या परिणामकारक निघाल्या. तिसऱ्या दिवशी पडदा सुटू लागला, पाचव्या दिवशी स्नेहानं पेज मागितली आणि महिनाभरानं ती वाडीवर परतली. साठा चारवरून शून्यावर आणल्याबद्दल अरुंधतीबाईंना मेमो मिळाला. तो मीच टंकलिखित केला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दरम्यान मुंबईचा अहवाल आला. जंतू घटसर्पाचा नव्हता. त्याचा नातलग होता. गुरांमध्ये राहतो, कच्च्या दुधातून माणसात येतो, विष मात्र तेच करतो. साहेबांनी समाधानाचा श्वास सोडला. तालुका घटसर्पमुक्तच राहिला. रोगाच्या रकान्यात मी 'घटसर्पाचा चुलतभाऊ' असं लिहिलं आणि ते मंजूर झालं.

माग काढण्याचं काम बाईंनी अंगावर घेतलं. जिजा गावातल्या एका गोठ्यात शेण काढायला जाई, आणि स्नेहा तिथे धारेखालीच पेला धरून दूध पिई. त्या गोठ्यातलं धारोष्ण दूध एक्केचाळीस घरी जात होतं. ही घरं मुंबईची हवा सोसत नाही म्हणून नव्या पनवेलात आलेल्या नोकरदारांची; प्रकृतीसाठी दूध न उकळता पिण्याची तिथे नुकतीच पद्धत पडली होती. बाई घरोघर गेल्या. सतरा घरांत कुणाचा ना कुणाचा घसा दुखत होता. सोळा जणांनी आइस्क्रीमचं कारण दिलं.

सतराव्या घरच्या रमाताईंनी दार अर्धंच उघडलं. "असले रोग वाडीवर असतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडे का जात नाही?"

"तिकडूनच आले," बाई म्हणाल्या. "दूध उकळून घ्या."

"मग धारोष्ण कसलं राहिलं?"

शेवटी एका गाईच्या दुधात जंतू सापडला. गाईची नोंद करताना अडचण आली, कारण बाधिताचं शिक्षण आणि व्यवसाय लिहिणं सक्तीचं होतं. (मी 'अशिक्षित, दूध' असं लिहिलं.) गाय मात्र पशुसंवर्धन खात्याकडे येत असल्यानं तिच्यावर कारवाई करता आली नाही. नागरिकांच्या आरोग्यासाठी काहीतरी करणं भागच होतं, म्हणून साहेबांनी आदेश काढला: वाडीवरील व्यक्तींनी गोठ्यात प्रवेश करू नये, गाईस संसर्ग होऊ शकतो. (जिजाचं काम सुटलं.) दूध पूर्ववत चालू राहिलं. अरुंधतीबाई अजूनही सुट्टीच्या दिवशी घरोघर जाऊन ते उकळायला सांगतात. आतापर्यंत तीन घरांनी ऐकलं आहे.

हे वाचताना आपण एकदा तरी आवंढा गिळून घसा ठीक आहे ना, हे पाहिलं असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांना ज्यांना मी ही हकीकत सांगितली, ते सगळेच गिळतात. आणि मग हमखास विचारतात, तो गोठा नेमका कुठला. जिजाला पुढे काम मिळालं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आपणही विचारणार होतात अशी नोंद मी करू शकतो, पण रकाना कोराच सोडतो.