प्लमलींच्या बागेतला संशयित

पाहणे आणि नोंदवणे यांत मूलभूत फरक आहे. पाहायला डोळे लागतात, नोंदवायला समिती. इंग्लंडातल्या सफोकमधल्या आमच्या लिटल व्हिटकम गावची लोकसंख्या चारशे बारा असून समित्या दोन आहेत : एक पक्ष्यांची, एक पतंगांची (दिव्यावर झेपावणारे, काटाकाटीचे नव्हेत). दोन्हींचा चिटणीस मीच. त्यामुळे माझा माझ्याशी नियमित पत्रव्यवहार होतो आणि तो बहुतांशी सौजन्याचा असतो.

पक्षी-समितीचे अध्यक्ष ऑब्रे प्लमली. त्यांच्या पत्नी हेस्टरबाई पतंग टिपतात. दिव्याच्या पेटीत अंड्यांचे पुठ्ठे ठेवायचे, सकाळी उघडून आत कोण बसलंय ते लिहायचं आणि सगळ्यांना सोडून द्यायचं, असा हा निरुपद्रवी उद्योग आहे. (अंडी संपवण्याची जबाबदारी ऑब्रेंकडे आहे.) अकरा वर्षांत हेस्टरबाईंचे दोनशे नव्व्याण्णव प्रकार झाले होते. पुढच्या उन्हाळ्यात बारीक काही दिसेल याची हमी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेली नव्हती. तीनशेवा हवा होता तो याच जुलैत.

तो आला. 'संशयित' या नावाचा पतंग. हे त्याचं अधिकृत नाव आहे, त्यात समितीचा दोष नाही. हेस्टरबाई डबी आणायला आत गेल्या, तेवढ्यात एका पक्ष्याने त्याची न्याहारी उरकली. त्याच क्षणी खिडकीतून ऑब्रेंनी त्या पक्ष्याचा फोटो काढला आणि नाइटिंगेल म्हणून नोंदवला. बागेतला त्यांचा शंभरावा पक्षी! अध्यक्षांकडे पुरावा मागण्याची आमच्यात पद्धत नाही. नोंद मंजूर झाली, टाळ्या झाल्या.

हेस्टरबाईंचा अर्ज मात्र परत गेला. "नाव : संशयित. खात्री : निश्चित. कृपया दोहोंपैकी एक काय ते ठरवावे," असा शेरा मी मारला होता. (नंतर चूक लक्षात आली. तरी पुरावा हवाच होता.)

"तुझ्या कॅमेऱ्यात आहे ना रे तो?" हेस्टरबाईंनी माझ्यादेखत ऑब्रेंना विचारलं.

"आहे, पण अंधुक आलाय."

"बघू तरी."

"चहा निवतोय, हेस्टर."

बारा दिवस त्या घरात हवापाण्यापलीकडे बोलणं झालं नाही. हेस्टरबाई रोज सकाळी पेटी उघडत आणि काही न लिहिता वही मिटत. मला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

तेराव्या दिवशी ऑब्रेंचा फोटो आला. पतंग झक्क, पंखांवरची रेघ न् रेघ स्पष्ट. भोवतीचं सगळं कापलेलं. उरली होती नुसती चोच. मी नियम नऊ दाखवला : भक्ष्य नोंदवताना भक्षकही नोंदवावा.

दुसऱ्या दिवशी ऑब्रे स्वतः आले. टोपी हातात, फोटो अख्खा. पक्ष्याच्या छातीवर ठिपके होते आणि मधोमध बोटभर नारिंगी डाग. नाइटिंगेलला तसा डाग नसतो. तो असतो रॉबिनच्या पिल्लाला, आणि रॉबिन तर प्लमलींच्याच झारीत दर वर्षी घरटं करतो.

"शंभर हा आकडा तसाही जरा सुटलेल्या पोटासारखाच दिसतो," ऑब्रे म्हणाले आणि नाव खोडल्याच्या कागदावर सही करून गेले.

संशयित निश्चित झाला. हेस्टरबाईंनी केक केला आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "वेडा आहे नुसता. रॉबिन आहे हे मला त्याच सकाळी कळलं होतं. पण त्याचा शंभरावा होता ना, कसं सांगायचं?"

या उदाहरणाने प्रेरित होऊन समितीने ठराव केला : प्रत्येक सभासदाने आपल्या यादीतला एक तरी नाइटिंगेल पुन्हा तपासावा आणि फोटो अख्खा पाठवावा. सभासद चौतीस. आठ महिन्यांत आलेले फोटो शून्य. (चिटणिसाचा फोटो शोधणे चालू आहे.)

ठराव वाचकांना बंधनकारक नाही. तुमच्या यादीत एखादा असेल, तर आत्ता डोळ्यांसमोर आला तोच. पाठवायचा झाल्यास कडा कापू नयेत. आम्ही चोचीवरूनही विचारतो.