दिगंबरकाका आणि अनोळखी चौथा

आमचे शेजारी दिगंबरकाका मोबाइलवरच्या गेममधल्या राक्षसाला भीत नाहीत. सोबत लढायला आलेल्या माणसाला भितात. वाशी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर असताना त्यांनी मारक्या बैलांना इंजेक्शनं दिली. पण गेममध्ये अनोळखी गडी दिसला की ते फोन खाली ठेवतात. "गाव कोणतं? घरी कोण कोण? मधीच पळणार न्हाय ना?" एवढी चौकशी झाल्याशिवाय ते गेममधल्या भुयारात पाऊल टाकत नाहीत.

त्या भुयाराला चार जण लागतात. काका, मी, माझी बायको शैला आणि अणदूरचे हमीदभाई टेलर. मध्यंतरी गेममध्ये एक बटण आलं. ते दाबलं, की कमी पडलेला गडी गेमच कुठूनतरी शोधून आणतो.

मी खूश. "काका, ज्याचं ओळखीचं कुणीच नाही, त्यानं कधी खेळायचं?"

"सोप्या जागी खेळू द्या कुणासंगं बी. अवघड जागी ओळखीचाच पायजे, गुरुजी. मधीच निघून गेला म्हंजी मागं राहिलेल्यानं काय करायचं?"

त्यांचा चेहरा असा उतरला, की मी हसू आवरलं.

एका रविवारी दुपारी हमीदभाई लग्नाला गेलेले. काका चष्मा पुसत होते, तेवढ्यात मी बटण दाबलं. चौथा आला. नाव नुसतं 'सावली'. काकांनी तीनदा लिहून गाव विचारलं. उत्तर नाही.

"चोर हाय लई मोठा! कॅमेऱ्यातनं घर बघून ठेवंल," म्हणत काकांनी फोन भिंतीकडं वळवला आणि स्वतः तिकडं तोंड करून बसले.

शेवटच्या राक्षसापाशी आधी मी मेलो, मग शैला. काकांच्या कपाळावर घाम. "आता ह्यो जातोय. बघा, जातोय." पण सावली ढाल धरून त्यांच्यापुढं उभी राहिली. अखेर दोघंही मेले. आम्ही हरलो.

मग पडद्यावर सावलीची अक्षरं उमटली : 'तुम्ही थांबलात. सगळे मला सोडून जातात. एका हातानं खेळतो, लिहायला वेळ लागतो.'

काकांनी ते दोनदा वाचलं.

"पळणारा म्याच हाय, गुरुजी," ते हळूच म्हणाले. "तुमची काकू सोलापूरला दवाखान्यात शेवटच्या दिवशी विचारत हुती, कुठं गेले म्हून. म्या भ्यालो हुतो. भायेर फाटकापाशी उभा हुतो."

शैलानं माझ्याकडं पाहिलं.

काकांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं : 'परत भुयारात जायचं का? म्या शेवटपर्यंत हाय.'

त्या दुपारी आम्ही आणखी तीनदा हरलो. दर खेपेला घामानं फोन काकांच्या हातातून निसटायचा. पण काका जागचे हलले नाहीत.