मी मागितला तरी ओटीपी देऊ नका!

पळसदेवच्या समाजमंदिरात मी सगळ्या गावासाठी वायफाय बसवलं, तेव्हा माइक हातात घेऊन सांगितलं, "माझं कुलूप फोडणारा अजून जन्माला यायचाय!" फुकटे घुसू नयेत म्हणून दर वेळी ओटीपी लागणार, तो घराच्या नोंदलेल्या नंबरावर जाणार. वर दमही भरला, "ओटीपी कुणाला सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही!" टाळ्या पडल्या.

नंबर देताना मात्र गावानं रिवाज पाळला. रेशनकार्डावर पहिलं नाव ज्याचं, नंबर त्याचा! थोरल्याला डावलायचं कसं? मीसुद्धा आमच्या तात्यांचाच दिला.

सोमवारी सकाळी शेजारची पायल धापा टाकत आली. दहाला तिची नोकरीची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरून. बिचारीनं वर्षभर अभ्यास केलेला.

"समाधानदादा, ओटीपी आबांच्या फोनवर गेलाय! आन आबा पाण्यात!"

तिचे आजोबा ज्ञानूआबा होडी घेऊन धरणात जाळी काढायला गेलेले. माझं लॉगिन द्यावं, तर आमचे तात्या इंदापूरला मयतीला, फोन बंद. दुसरी वाट मीच मोठ्या अभिमानानं बुजवलेली!

गावात रेंज मेसेजपुरती, धरणाच्या काठावर बोलण्यापुरती, म्हणून काठावर पळालो. पायलचा फोन घाईत घरी राहिलेला. माझ्या फोनवरून आबांना लावला. माझा नंबर आबांकडं नव्हता.

"आबा, समाधान बोलतोय! आत्ता आलेले आकडे सांगा!"

"व्हय का? समाधाननंच सांगितलंय, त्यानं मागितला तरी द्यायचा न्हाय!"

पायलनं फोन हिसकावला. "आबा, मी पायल! माझी मुलाखत हाय हो!" आणि ती रडायलाच लागली.

पलीकडून सणसणीत शिवी आली. फोन बंद!

आम्ही होडीकडं बघून हात हलवले, घसा फाटेस्तोवर ओरडलो. आबांनीही लांबून प्रेमानं हात हलवला. दहा वाजून गेले. पायल काठावर बसून राहिली. मला तिच्याकडं बघवेना.

दुपारी आबा घरी आले ते खुशीत. सगळ्यांत मोठा मासा त्यांनी माझ्या हातात कोंबला.

"समाधान, तुझ्यामुळं वाचलो बग! चोराचा फोन आलता. आवाज हुबेहूब तुझा! रडायला पोरगी ठेवलीती, तीबी आपल्या पायलसारखी. पर म्या बधलो न्हाय!"

पायलनं डोळे पुसले. "लई भारी केलंत, आबा," म्हणाली आणि आत गेली.

मासा मी घेतला. नको म्हणायला तोंड कुठं होतं?